दोन संगणक, एकच नट

मी शिकागोजवळ राहतो, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि गॅरेजमध्ये स्वतः बांधलेलं दोन आसनी विमान डीकॅल्बच्या धावपट्टीवरून उडवतो. हल्ली पुण्या-कोल्हापूरकडची इंजिनिअरिंगची मुलं मला या विमानातल्या संगणकांविषयी विचारतात. सेन्सर किती लावले, प्रोसेसर कोणता, स्क्रीन केवढा. विमान बांधत होतो तेव्हा मीही हेच प्रश्न विचारत होतो. खरे कामाचे प्रश्न मला फार उशिरा, चुका करून झाल्यावर सुचले. त्या चुका इथे क्रमाने लिहितो. त्यातली एक आकाशात कळली, बाकीच्या जमिनीवर कळल्या, हे माझं नशीब.

अमेरिकेत घरी विमान बांधणं हा कायदेशीर आणि चांगला रुळलेला छंद आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन म्हणजे ईएए स्थापन केली. दर जुलैअखेर विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला तिचा मेळा भरतो. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून केलं असेल, तर ते 'एक्सपेरिमेंटल' वर्गात नोंदवता येतं. कारखान्यातून आलेल्या विमानात किरकोळ भाग बदलायचा तरी मंजुरीचे कागद लागतात. आमच्या विमानात इंजिन कोणतं, वायरिंग कसं, संगणक किती, हे बांधणारा ठरवतो. त्याच्या बदल्यात विमानावर 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द ठळक लिहावा लागतो, सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या भागातच चाचणीची उड्डाणं करावी लागतात, आणि दर बारा महिन्यांनी पूर्ण तपासणी करावी लागते. ही वार्षिक तपासणी करण्याचा दाखला बांधणाऱ्यालाच मिळू शकतो. म्हणजे काम करणारा मी आणि तपासणाराही मीच. ही सोय मला फार आवडायची. माझ्या बहुतेक चुका तिच्याच आडोशाने टिकल्या.

विमान आरव्ही-७ जातीचं आहे. ऑरेगनमधल्या ऑरोरा गावच्या व्हॅन्स एअरक्राफ्टकडून किट येतं आणि ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट करत ते उभं करायचं असतं. या जातीच्या विमानांत बहुतेक लोक लायकॉमिंगचं चार सिलिंडरचं इंजिन बसवतात, आणि त्या इंजिनाला पूर्वापार दोन मॅग्नेटो असतात. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यावर ठिणगीपुरती वीज तयार करणारं यंत्र. विमानाची बॅटरी पार मेली, अल्टरनेटर तुटला, तरी पंखा फिरतो आहे तोवर ठिणगी पडत राहते. एक मॅग्नेटो गेला तर दुसरा आहे. प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. तंत्र जुनं आहे, पण त्याला कुणाच्या विजेची गरज नाही.

मी दोन्ही मॅग्नेटो काढून टाकले. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन आलं, मोटारगाडीत असतं तसं. इंजिन झटकन सुरू होतं, उंचीप्रमाणे टायमिंग आपोआप बदलतं, पेट्रोलही कमी लागतं. किंमत एवढीच, की वीज गेली की इंजिन थांबतं. पंप, कॉइल, इंजेक्टर आणि संगणक मिळून इंजिनालाच दहा-बारा अँपिअर लागतात. म्हणून मी सगळं दोन-दोन बसवलं. इंजिन चालवणारे संगणक म्हणजे ईसीयू दोन, कॉइलचे संच दोन, इंधनाचे पंप दोन, बॅटऱ्या दोन. वर देखरेखीला माझा स्वतःचा, तळहाताएवढ्या बोर्डावर उभा केलेला संगणक. चारही सिलिंडरांचं तापमान, एक्झॉस्टचं तापमान, तेलाचा दाब, इंधनाचा प्रवाह, व्होल्ट, अँपिअर हे सगळं तो वाचायचा आणि काही बिघडलं तर मराठीत बोलायचा. 'तेलाचा दाब बघ', 'व्होल्टेज उतरलं' ही वाक्यं बायकोच्या आवाजात रेकॉर्ड केली होती. कागदावर काढलेल्या आकृतीत प्रत्येक चौकोनाला जोडीदार होता. ती आकृती मी ऑशकॉशला अभिमानाने लोकांना दाखवली.

पहिली चूक हँगरमध्ये उघडी पडली. उड्डाण करून आलो, इंजिन बंद केलं, वहीत तास लिहायला घेतले आणि सहज स्क्रीनकडे पाहिलं. तेलाचा दाब ७२ पीएसआय, आकडा हिरवा. समोर पंखा थांबलेला. बंद इंजिनात तेलाला दाब कुठून येणार? वाकून बघितलं तर सेन्सरकडून येणाऱ्या डेटाच्या केबलचा कनेक्टर अर्धा निसटला होता. तो केव्हा निसटला कुणास ठाऊक. तेव्हापासून मी जो आकडा बघत होतो तो जुना होता.

दोष कनेक्टरचा थोडा, माझ्या प्रोग्रामचा फार. नवा आकडा आला की जुना पुसायचा, एवढंच मी लिहिलं होतं. नवा आकडा आलाच नाही तर काय करायचं, हे लिहिलंच नव्हतं. घड्याळी मीटरचा काटा सेन्सर तुटला की बहुधा शून्यावर जातो किंवा टोकाला चिकटतो, आणि वैमानिकाला कळतं की काहीतरी गेलं. माझ्या स्क्रीनवर सगळं गेलं तरी हिरवंच दिसलं असतं. तेल गळून इंजिन जाम होईपर्यंत ७२ दिसलं असतं. ऑफिसात कुणी असा कोड पुढे केला असता तर मी तो तपासणीत परत पाठवला असता. गॅरेजमधल्या कोडला मी ती तपासणी लावली नाही.

दुरुस्ती अवघड नव्हती. आता प्रत्येक आकड्याबरोबर तो कधी आला याची वेळ साठवली जाते. दोन सेकंदांहून जुना आकडा दाखवायचा नाही, त्या जागी लाल फुली. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक खूण सतत फिरते, ती थांबली की संगणक अडकला असं समजायचं. बोर्डावर वॉचडॉग टायमर चालू केला, म्हणजे प्रोग्रामने ठरलेल्या वेळात हजेरी दिली नाही तर बोर्ड स्वतःला पुन्हा सुरू करतो. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून प्रोग्रामचा भाग फक्त वाचण्यापुरता खुला ठेवला आणि नोंदी वेगळ्या कार्डावर नेल्या. तेलाच्या दाबासाठी संगणकाशी संबंध नसलेला एक साधा प्रेशर स्विच आणि लाल दिवा लावला. दाब पडला की दिवा पेटतो. मधे एकही ओळ कोड नाही.

दुसरी चूक इशाऱ्यांच्या मर्यादा ठरवण्यात झाली. लायकॉमिंगने सिलिंडर हेडच्या तापमानाची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट ठेवली आहे. इंजिन टिकवायचं असेल तर त्याच्या बरंच खाली, चारशेच्या आसपास राहावं असं जाणते लोक सांगतात. मी सावधगिरी म्हणून इशारा बरोबर ४०० वर लावला. उन्हाळ्यात इलिनॉयमध्ये विमान वर चढवताना चारशे ओलांडणं नेहमीचंच. त्यामुळे प्रत्येक चढाईत बायकोचा आवाज हेडसेटमध्ये यायचा. त्यातच तीन नंबरच्या सिलिंडरच्या थर्मोकपलची जोडणी सैल होती. आकडा मधेच ३७० वरून ६०० वर उडी मारायचा आणि परत खाली यायचा. धातू एका सेकंदात दोनशे अंश तापत नाही, म्हणजे सेन्सर खोटं बोलतो आहे हे मला माहीत होतं. जोडणी दुरुस्त करायला अर्धा तास पुरला असता. मी तो दिला नाही. त्याऐवजी इशारा बंद करायचं बटण न बघता दाबायला शिकलो.

विमानाच्या सुरक्षिततेत हे फार वाईट शिक्षण आहे. खोट्या इशाऱ्यांनी माणसाच्या हाताला सवय लागते, आणि खरा इशारा येतो तेव्हा तीच सवय आधी धावते. माझ्याबाबतीत हे नेमकं घडलं. ते आता सांगतो, कारण तिसरी चूक त्याच दिवशी बाहेर आली.

त्याआधी काही काळ मी शिशाची जड मुख्य बॅटरी काढून लिथियम आयर्न फॉस्फेटची हलकी बॅटरी बसवली होती. वजन कितीतरी कमी झालं, इंजिन जोरात फिरून सुरू व्हायला लागलं. बॅटरी बदलली, पण इशाऱ्याची मर्यादा शिशाच्या बॅटरीची होती ती तशीच राहिली, १२.८ व्होल्ट. यात केवढी मोठी चूक आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

अल्टरनेटर चालू असताना विमानाच्या बसवर, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीवर, साधारण १४.२ व्होल्ट असतात. शिशाची बॅटरी भरलेली असली तरी तिचे स्वतःचे १२.७-१२.८ व्होल्टच. अल्टरनेटर बंद पडला की भार बॅटरीवर येतो, व्होल्टेज लगेच १२.८ च्या खाली जातं आणि इशारा वेळेवर वाजतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचं तसं नाही. भरलेल्या बॅटरीचे १३.३ व्होल्ट असतात आणि ती रिकामी होताना व्होल्टेज फार हळू उतरतं. तिच्यातली बरीचशी वीज संपेपर्यंत ते तेराच्या आसपास रेंगाळतं आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं. अगदी तळ गाठला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट तिला नुकसान होऊ नये म्हणून जोडणीच तोडतं. मोटारसायकलीत ते ठीक आहे. ज्या विमानाचं इंजिनच विजेवर अवलंबून आहे, त्यात त्याच क्षणी इंजिन बंद पडतं. म्हणजे १२.८ चा इशारा लिथियमसाठी 'अल्टरनेटर गेला' असं सांगत नाही, 'बॅटरी संपत आली' असं सांगतो.

आयोवातल्या डे मॉइनहून दुपारी परत निघालो होतो. एकटाच होतो. हवा स्वच्छ, खाली इंटरस्टेट ८० आणि दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं. आयोवा सिटी जवळ आलं तेव्हा हेडसेटमध्ये आवाज आला. माझं बोट बटणाकडे गेलं, आवाज बंद झाला, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. काही वेळाने नेहमीप्रमाणे आकड्यांवरून नजर फिरवली तेव्हा व्होल्टचा आकडा पिवळा दिसला. १२.७. बघता बघता १२.६. मग लक्षात आलं की मघाचं वाक्य तापमानाचं नव्हतं, व्होल्टेजचं होतं. ते मी ऐकलंच नव्हतं.

अँपिअरचा आकडा बघितला. २१, रोजच्यासारखाच. क्षणभर वाटलं की हाही सेन्सरचाच खोटेपणा. तो क्षण धोक्याचा होता. सेन्सर खरं सांगत होता, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. विद्युतप्रवाह मोजणारं कडं मी बॅटरीच्या तारेवर न लावता मुख्य बसच्या तारेवर लावलं होतं. विमान एकूण किती वीज खातं ते तिथे कळायचं. ती अल्टरनेटरकडून येते की बॅटरीतून ओढली जाते, ते कळत नव्हतं. अल्टरनेटर असताना २१, नसतानाही २१.

मी ऑटोपायलट, दुसरा स्क्रीन, दिवे, फोनचं चार्जर सगळं बंद केलं. उत्तरेला कोरलव्हिलचा जलाशय दिसत होता, नाकासमोर गाव. रेडिओवर येतो आहे म्हणून सांगितलं आणि ७ नंबरच्या धावपट्टीवर सरळ उतरलो. दुसऱ्या ईसीयूवर आणि बॅकअप बॅटरीवर जाण्याचा स्विच डाव्या हाताला होता. मी त्याला हात लावला नाही. कारण तो मी आकाशात कधी वापरलाच नव्हता. चालतं इंजिन त्या स्विचवर सोपवायची हिंमत झाली नाही. बॅकअप असून त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि तो नव्हता तेच बरं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रात्री मोटेलात नोंदींची फाइल उघडली. सेकंदाला एक ओळ. उड्डाणानंतर थोड्याच मिनिटांत १४.२ वरून आकडा एकदम १३.१ वर उतरलेला होता, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत. तिथून पुढे पडद्यावरची रेघ जवळजवळ आडवी. अर्ध्या तासाहून अधिक वेळ मी बॅटरीवर उडत होतो आणि ही गोष्ट संगणकाने इमानदारीने लिहून ठेवली होती. मला सांगितली नव्हती, कारण काय सांगायचं ते त्याला मीच चुकीचं शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर अल्टरनेटर शाबूत होता. त्याच्या फील्डला वीज नेणाऱ्या बारीक तारेचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, क्रिम्पपाशी तुटला होता. तारेला आधाराची क्लिप नव्हती, त्यामुळे इंजिनाच्या थरथरीत ती तिथेच वाकत राहिली आणि तुटली.

मग बॅकअप बॅटरी तपासली. मीटरवर १२.७ व्होल्ट. दर वार्षिक तपासणीला मी एवढंच बघून वहीत 'ठीक' लिहायचो. यावेळी तिला मोटारीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब जोडला आणि घड्याळ लावून बसलो. तिच्या क्षमतेप्रमाणे बल्ब अर्ध्या तासाहून जास्त चालायला हवा होता. चार-पाच मिनिटांतच तो पिवळा पडला आणि मग तांबूस. महाराष्ट्रात भारनियमनाच्या दिवसांत ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होते त्यांना हा अनुभव नवा नाही. बॅटरी भिंतीशी दिमाखात उभी असते, आणि ती कामाची आहे की नाही हे वीज गेल्यावरच कळतं. घरात फार तर पंखा बंद पडतो.

चौथी चूक सगळ्यांत खोल होती. बॅकअप बॅटरी काढताना फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्यावरच्या, ग्राउंडच्या बोल्टला हात लागला आणि नट बोटाने फिरला. त्या एका बोल्टवर दोन्ही ईसीयूंचे लग एकावर एक बसवले होते. खालचा रंगही नीट खरवडलेला नव्हता. दोन संगणक, दोन बॅटऱ्या, दोन पंप, आणि त्या सगळ्यांची परतीची वाट एका सैल नटातून. तो नट आणखी थोडा सुटला असता तर पहिला ईसीयू आणि दुसरा ईसीयू एकाच क्षणी बंद पडले असते. माझ्या आकृतीत हा बोल्ट दिसतच नव्हता, कारण आकृती काढताना ग्राउंडची खूण प्रत्येक चौकोनाखाली वेगवेगळी काढतात. कागदावर दोन ग्राउंड होते, विमानात एकच.

आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या आबांचं इचलकरंजीत यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. फोनवर त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्हीला एकच अर्थिंग दिलंयस व्हय? आणि बघितलं कुणी?"

"कुणीच नाही, आबा. मीच बांधलं, मीच बघितलं."

"मग बघितलं नाहीस."

ते बरोबर होतं. ईएएकडे टेक्निकल कौन्सेलर म्हणून काम करणारे अनुभवी सभासद असतात. बोलावलं की ते गॅरेजमध्ये येतात, काम बघतात, पैसे घेत नाहीत. पंख बांधताना मी त्यांना बोलावलं होतं, कारण रिव्हेटिंग मला नवीन होतं. वायरिंगसाठी बोलावलं नाही. इलेक्ट्रॉनिक्स माझं क्षेत्र आहे असं मला वाटत होतं.

सगळे बॅकअप एकाच जागी आणू नयेत, हा धडा मोठ्या विमानांनीही रक्त सांडून शिकवला आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क फुटली. विमानात एकमेकांपासून वेगळ्या तीन हायड्रॉलिक यंत्रणा होत्या. तिन्हींच्या नळ्या शेपटीत जवळजवळ होत्या आणि तिन्ही एकाच स्फोटात गेल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणलं, तरी शंभरावर माणसं गेली. सू सिटीही आयोवातलीच. स्पेस शटलच्या अभियंत्यांनी हा विचार आधीच केला होता. शटलमध्ये उड्डाणाचे पाच संगणक होते. चार एकच सॉफ्टवेअर चालवत आणि एकमेकांना तपासत. पाचव्यात वेगळ्या चमूने वेगळं लिहिलेलं सॉफ्टवेअर होतं, कारण चौघांत एकच चूक असेल तर चौघे एकमताने चुकतील. माझ्या दोन्ही ईसीयूंत सॉफ्टवेअर अगदी एकच आहे. त्यातली चूक दोघांतही आहे.

स्विचचंही तसंच. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात माँटेरे बे इथे मरण पावले. बर्ट रुटान यांनी आखलेल्या लाँग-ईझी जातीचं, घरी बांधलेलं विमान ते उडवत होते. बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह मूळ जागी न ठेवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तिथे हात न्यायचा तर सीटवर वळावं लागे. ही जागा तपासात अपघाताचं एक महत्त्वाचं कारण ठरली. माझा बॅकअपचा स्विच पॅनेलखाली, दिव्यांच्या सारख्याच दिसणाऱ्या पाच स्विचांच्या रांगेत होता. घाबरलेल्या माणसाने अंधारात चाचपडून त्यातला एक शोधावा अशी ती मांडणी होती, आणि बांधताना मला ती नेटकी वाटली होती.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिन बंद पडणं आणि आकाशात ताबा सुटणं ही अपघातांची दोन मोठी कारणं त्यात पुढे आली. चाचणीच्या उड्डाणांत इलेक्ट्रॉनिक उपकरणांत साठलेल्या नोंदींचा उपयोग करावा, असंही त्यांनी सुचवलं. मी तो अभ्यास विमान बांधतानाच वाचला होता. नोंदी साठवल्याही होत्या. उघडून बघितल्या मात्र वाईट प्रसंग आल्यावरच. सैल थर्मोकपलच्या उड्या कित्येक फाइलींत दिसत होत्या.

आता विमानात काय बदललं ते सांगतो. व्होल्टेजचा इशारा १३.६ वर आहे, म्हणजे चालू अल्टरनेटरच्या खाली आणि भरलेल्या लिथियमच्या वर. जमिनीवर इंजिन मंद फिरताना तो कधी वाजतो, ते मला चालतं. प्रवाह मोजणारं कडं बॅटरीच्या तारेवर गेलं. वजा चिन्ह दिसलं की बॅटरी रिकामी होते आहे, यात वादाला जागा नाही. इंजिनाच्या मागच्या बाजूला व्हॅक्यूम पंपाची जागा रिकामी होती, तिथे छोटा दुसरा अल्टरनेटर बसवला. इंजिन चालू ठेवण्यापुरती वीज तो एकटा देतो. दोन्ही ईसीयूंचे ग्राउंड वेगळे, वेगळ्या बोल्टवर, शेवटी थेट इंजिनाच्या केसपर्यंत. प्रत्येक नटावर टॉर्कची रंगीत रेघ, म्हणजे हलला तर दिसेल. बॅकअपचा स्विच उजव्या हाताखाली, लाल झाकणाचा, शेजारी दुसरा कोणताही स्विच नाही.

इशारे कमी केले. लगेच काहीतरी करायला लागतं, त्यालाच आवाज. बाकी सगळं स्क्रीनवर पिवळं. आवाज बंद केला तरी वाक्य मोठ्या अक्षरांत समोर राहतं, ते दुसऱ्या बटणाने मान्य करावं लागतं. आकडा अशक्य वेगाने बदलला तर प्रोग्राम तापमानाचा इशारा देत नाही, 'सेन्सर तपासा' म्हणतो. आणि असा सेन्सर दुरुस्त होईपर्यंत पुढचं उड्डाण होत नाही, हा नियम मी लिहून पॅनेलवर चिकटवला आहे.

बॅकअप बॅटरीला दर वर्षी बल्ब लावून क्षमता मोजतो आणि मिनिटं वहीत लिहितो. 'ठीक' हा शब्द आता वहीत नाही. महिन्यातून एकदा धावपट्टीच्या डोक्यावर, उंची राखून, इंजिन खरोखर दुसऱ्या ईसीयूवर आणि बॅकअप बॅटरीवर चालवतो. बंद पडलं तर तरंगत खाली उतरता येईल एवढी उंची असते. पहिल्यांदा तो स्विच आकाशात टाकताना हात थरथरला होता. तो थरथरायला चाचणीच्या पहिल्या महिन्यात हवा होता.

पुन्हा विमान बांधलं तर एका बाजूला मॅग्नेटो आणि इंधनासाठी यांत्रिक पंप व इंजेक्शन ठेवीन. संगणकांवर माझा विश्वास कमी झालेला नाही, त्यांच्यावरच माझं घर चालतं. पण संगणकाचा बॅकअप दुसरा तसाच संगणक असू नये, या मताला मी आलो आहे. ज्याला वीज लागत नाही, कोड लागत नाही, असं काहीतरी इंजिनापाशी एक तरी असावं.

आपल्याकडेही हे काम सुरू झालं आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलामुलींकडे इलेक्ट्रॉनिक्सचं कौशल्य माझ्या पिढीहून जास्त आहे. स्वस्त सेन्सर आणि छोटे संगणक त्यांच्या हातात शाळेपासून आहेत. त्यांनी विमानात ते जरूर वापरावेत.

त्यांना माझी विनंती एवढीच आहे. पहिल्या उड्डाणाआधी विमान जमिनीला बांधा, इंजिन चालू करा आणि एकेक गोष्ट स्वतःच्या हाताने काढा. अल्टरनेटरची तार, मुख्य बॅटरी, पहिला ईसीयू, एक ग्राउंड, डेटाची केबल. प्रत्येक वेळी दोनच गोष्टी बघा, इंजिन चालू राहिलं का आणि स्क्रीनने खरं सांगितलं का. हे करताना शेजारी असा एक माणूस उभा करा ज्याने तुमचं वायरिंग बांधलेलं नाही. तो जे विचारेल त्याचं उत्तर आकृतीवर बोट ठेवून देऊ नका, विमानात हात घालून दाखवा. मी हे केलं असतं तर तो नट पहिल्याच दिवशी सापडला असता.